दुकानच राहिलेल्या दुकानांचा इतिहास

मराठीत एखाद्या दुकानाचा इतिहास तपशिलाने लिहिला जातो, तो बहुधा ते दुकान पुढे दुकान उरले नाही म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. पण ते ठाऊक असण्याचे कारण १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी हे आहे, सायकली नव्हेत. त्याच घराण्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली, शंकरराव किर्लोस्करांनी पुढे 'शंवाकिय' लिहिले, आणि बेळगावचे ते दुकान मागच्या दाराने मराठी वाङ्मयाच्या इतिहासात येऊन बसले. सोलापुरातलेच उदाहरण घ्यायचे तर वालचंद हिराचंदांचे घ्यावे लागेल. १८८२ साली ते या गावात जन्मले. गुजरातेतून इकडे आलेल्या दोशी घराण्याची येथे व्यापाराची आणि देवघेवीची पेढी होती. वडील हिराचंद नेमचंद हे पेढी सांभाळणारे आणि त्याच वेळी 'जैन बोधक' हे मासिक चालवणारे गृहस्थ. म्हणजे जमाखर्च आणि संपादन एकाच घरात चाललेले. परंतु गं. दे. खानोलकरांसारख्या चरित्रकाराने वालचंदांचे विस्तृत चरित्र लिहिले ते १९०३ साली फाटकांच्या भागीदारीत घेतलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटामुळे, पुढच्या आगबोटींमुळे आणि कारखान्यांमुळे. पेढी त्या चरित्रात पहिल्या काही पानांपुरती येते, आणि गाडी सुटल्यावर फलाट मागे पडावा तशी मागे पडते.

पुस्तकांच्या दुकानाला तेवढी सवलत मिळते. १९२४ साली मुंबईत सुरू झालेल्या पॉप्युलर बुक डेपोची आणि पुढच्या पॉप्युलर प्रकाशनाची हकीकत रामदास भटकळांच्या 'जिगसॉ' आणि 'जिव्हाळा' या पुस्तकांतून आपल्यापर्यंत पोचली. पण तेथेही वाचकाचे लक्ष गल्ल्याकडे नसते, दुकानात येऊन बसणाऱ्या लेखकांकडे असते.

मग जे दुकान तीन-चार पिढ्या दुकानच राहिले, ज्याने कारखाना काढला नाही, मासिक काढले नाही, ज्याच्या ओट्यावर कोणी कवी येऊन बसला नाही, त्याचे काय? सोलापूरच्या नव्या पेठेत, टिळक चौकाच्या आणि मधल्या मारुतीच्या परिसरात, कुंभार वेशीकडे जाताना अशी दुकाने दिसतात. काहींच्या पाटीवर अजून 'अँड सन्स' आहे, काहींच्या 'बंधू' किंवा 'ब्रदर्स'. (इंग्रजी 'अँड कंपनी'चे 'आणि मंडळी' हे भाषांतर मराठीने केले होते. 'दामोदर सावळाराम आणि मंडळी' या प्रकाशनसंस्थेच्या नावात ते टिकून राहिले. व्यापाराला एवढा घरगुती शब्द देणारी भाषा व्यापाराविषयी इतकी अबोल का राहिली, हे कोडेच आहे.) 'किराणा व भुसार' आणि 'जनरल स्टोअर्स' ही दोन दुकाने जुन्या माणसांच्या लेखी वेगळी होती. पहिल्यात ज्वारी, डाळ, गूळ, मीठ, मिरची. दुसऱ्यात दोरा, बटणे, कंगवे, आरसे, पाट्या-पेन्सिली, साबण, पावडर, लहान मुलांच्या झबल्या-टोपड्यापासून म्हाताऱ्यांच्या काठीपर्यंत सारे. पहिले दुकान पोटाचे, दुसरे हौसेचे. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळली. सोलापूर हे लहान गाव नव्हे, २०११ च्या जनगणनेत ते साडेनऊ लाखांचे शहर होते, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण पेठ ही तिच्या दुकानदाराच्या दृष्टीने नेहमी एक लहान गावच असते. गिऱ्हाइकाचे आडनाव, पगाराचा वार आणि घरातले आजारपण त्याला माहीत असते.

अशा दुकानाचा इतिहास अगदीच लिहिला जात नाही असे नाही. पन्नास किंवा पंचाहत्तर वर्षे झाली की एक स्मरणिका निघते, निदान वर्तमानपत्रात पुरवणी निघते. या लेखनप्रकाराकडे समीक्षेने कधी पाहिले नाही, वास्तविक त्याचे संकेत पोवाड्याइतके पक्के आहेत. आजोबा हातात लोटा किंवा पाठीवर गाठोडे घेऊन गावात येतात. सुरुवातीला ते दुसऱ्याच्या दुकानी काम करतात. मग सचोटी, गोड वाणी आणि देवाची कृपा. वडील 'व्यवसायाची धुरा' उचलतात. तिसरी पिढी 'काळाची पावले ओळखून' काचेचे दरवाजे बसवते. दुष्काळ, गिरणीचा संप, भावाभावांतली वाटणी, बुडालेली उधारी, न्यायालयातला दावा यांपैकी एकही गोष्ट त्या मजकुरात नसते. उरलेली पाने घाऊक व्यापाऱ्यांच्या हार्दिक शुभेच्छांनी भरलेली असतात. या स्मरणिकांची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. ज्याच्याकडे दुसरे कोणी पाहत नाही त्याने स्वतःचा फोटो स्वतः काढला तर त्यात हसण्यासारखे काय आहे? तक्रार एवढीच की या मजकुराला आपण इतिहास समजू लागलो आहोत, आणि खरा दस्तऐवज मात्र माळ्यावर वाळवी खाते आहे.

तो दस्तऐवज म्हणजे वही. रोजच्या घडामोडीची कीर्द आणि खातेवार उतारा मांडणारी खतावणी, अशी ही जोडी. दिवाळीत तिचे पूजन व्हायचे, पहिल्या पानावर 'श्री' आणि 'शुभ लाभ' लिहिले जायचे, आणि मग वर्षभर तीत जे उतरायचे ते साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचण्यासारखे असायचे असे आमचे मत आहे. सोलापूरचे वैशिष्ट्य असे की एकाच बाजारातल्या वह्या एका भाषेत नसत. मराठी दुकानदाराची वही मोडीत. मारवाडी आणि गुजराती पेढ्यांच्या वह्या त्यांच्या त्यांच्या लिपीत. लिंगायत व्यापाऱ्यांच्या घरी कानडीचा शिरकाव. आणि गिऱ्हाईक मात्र सर्वांना समाईक, तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर, दखनी बोलणारा मुसलमान, जवळच्या खेड्यांतून आलेला मराठी-कानडी शेतकरी. दुकानदाराला निदान तीन भाषांत भाव सांगता यायला हवा, आणि उधारी मागायला चौथी लागली तर तीही. 'काय करूलालास' म्हणणारी सोलापुरी बोली कोणत्या कारखान्यात घडली, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही गिरण्यांइतकेच या दुकानांच्या फळ्यांकडे बोट दाखवू. त्र्यं. वि. सरदेशमुखांसारखा कादंबरीकार या गावाने पाहिला. येथील महाविद्यालयांतून मराठीच्या अध्यापनाची पक्की परंपरा निर्माण झाली. तरी या फळीवरच्या बोलण्याची नोंद आपण फारशी केली नाही.

वहीत काय सापडेल? पहिली गोष्ट, मोजण्याची भाषा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने पुढच्या काही वर्षांत शेर, अदशेर, पावशेर, छटाक यांना निरोप दिला. आण्याचे पैसे करताना आणि शेराचे किलो करताना दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यात कोणते संवाद झाले असतील याची कल्पना करावी. एका पिढीला भाषेचे व्याकरण बदलून द्यावे तसा हा प्रकार होता, आणि तो दुकानातल्या जुन्या हाताने वहीच्या समासात दोन्ही हिशेब शेजारी मांडून निभावला. आपण भाषाबदलावर व्याख्याने देतो तेव्हा हा समास आपल्या डोळ्यांपुढे नसतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १२ मे १९३० रोजी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि त्याची परिणती १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांच्या फाशीत झाली. या घटनेवर पुस्तके आहेत, पोवाडे आहेत, गावात पुतळे आहेत. पण त्या मे महिन्याची कीर्द काय सांगते? फळ्या किती दिवस बंद होत्या, उघडल्यावर पहिली विक्री कशाची झाली, कोणाची उधारी त्या आठवड्यात एकदम वाढली? तसेच गिरणीचे. १८७७ सालच्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची, म्हणजे जुन्या गिरणीची दारे १९४९ साली बंद झाली, सरकारने १९५० साली खास कायदा करून ती ताब्यात घेतली, आणि त्या कायद्याचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या आरंभीच्या गाजलेल्या घटनात्मक निकालांत गणला गेला. विधीचे विद्यार्थी तो निकाल आजही वाचतात. पुढे १९६३ मध्ये ती गिरणी कायमची बंद पडली. भोंगा वाजणे थांबल्यावर हजारो घरांची चूल काही काळ तरी वाण्याच्या वहीवर पेटली असणार. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी करून १९२८ साली अहवाल छापला होता. तो हिशेब गिऱ्हाइकाच्या बाजूने मांडलेला आहे. त्याच हिशेबाची दुसरी बाजू दुकानदाराच्या खतावणीत असते. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक आम्हाला तरी भेटलेला नाही.

येथे कोणी म्हणेल की दुकानदाराची वही म्हणजे दुकानदाराचेच म्हणणे. बरोबर आहे, आणि हे कायद्याने आपल्या आधी ओळखले. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ३४ वे कलम सांगत होते की नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद ग्राह्य आहे, पण केवळ तेवढ्यावर कोणालाही देणेकरी ठरवता येणार नाही. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. आत्मचरित्र कसे वाचावे यावर मराठीत जी चर्चा झाली, तिच्या सारापेक्षा हे एक वाक्य आम्हाला अधिक कामाचे वाटते. नोंद वाचावी, मानावी, आणि तिच्या आधारे कोणाला देणेकरी ठरवण्यापूर्वी दुसरा साक्षीदार शोधावा.

दुसरा साक्षीदार शोधू लागलो की मराठी वाङ्मय एकदम बोलू लागते. मराठीतले सर्वांत प्रसिद्ध कौटुंबिक दुकान सोलापुरात नव्हते, देहूत होते. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय आणि बाजाराची महाजनकी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला. आणि परंपरा सांगते की घरातली कर्जाची खते दोन भावांत वाटून तुकोबांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, कान्होबाची त्याला दिली. त्यांची गाथा पुढे त्याच नदीत गेली आणि तरली असे भाविक मानतात. पण आधी बुडाली ती खते, आणि ती कोणी वर काढली नाहीत. एकनाथांविषयीची आख्यायिकाही वहीचीच आहे: एका पैची चूक सापडेपर्यंत रात्रभर जागलेला शिष्य. संतसाहित्यात वजन, माप, भांडवल, मुद्दल, नफा, तोटा यांची जी रेलचेल आहे ती केवळ रूपकांची हौस नव्हे. ती माणसे बाजारात वाढलेली होती.

नंतर आग येते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी वाणी-सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि त्यानंतर पुणे व नगर जिल्ह्यांत गावोगाव दस्तऐवज आणि वह्या जाळल्या गेल्या. जीवितहानी फार कमी झाली. राग कागदावर होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तो पुणे, सातारा, अहमदनगर यांच्याबरोबर सोलापूर जिल्ह्यालाही लागू होता. त्यात शेतकरी कर्जदाराला पावती मागण्याचा आणि हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क दिला गेला. म्हणजे आजच्या 'खातेपुस्तका'च्या एका पूर्वजाचा जन्म त्या होळीत झाला. सचोटीच्या आजोबांची गोष्ट सांगणाऱ्या स्मरणिकेने हे सोयीस्करपणे विसरावे, यात नवल नाही. पण आपण विसरू नये.

आधुनिक मराठी साहित्यात दुकानदार येतो तो मुख्यतः दोन सोंगांत. एक, ग्रामीण कादंबरीतला लबाड वाणी, दुसरा, पु. ल. देशपांड्यांनी अजरामर केलेला, गिऱ्हाईक ही बाब क्षुल्लक मानणारा पुणेरी दुकानदार. दुसरा मजेदार आहे, पण तो गल्ल्यावर बसूनही कधी पैशाची चिंता करताना दिसत नाही. तिसरे चित्र दलित आत्मकथनांनी दिले, आणि ते सर्वांत अस्वस्थ करणारे आहे, कारण त्यात दुकानदाराचे मन नव्हे, दुकानाची उंबरठ्याची रेषा दिसते. शरणकुमार लिंबाळे हे सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'अक्करमाशी'त चहाच्या दुकानातल्या वेगळ्या कपांचा प्रश्न येतो. ज्याने नाणे लांबून टाकायचे आणि ज्याच्या ओंजळीत माल वरून पडायचा, त्याच्याही नावाचे खाते वहीत असे. तेथे विटाळ नव्हता, देणे होते. एकाच माणसाला फळीपाशी उभे राहू द्यायचे नाही आणि खतावणीत मात्र स्वच्छ अक्षरात जागा द्यायची, ही जी सोय आपल्या बाजाराने केली, तिचे विश्लेषण कोणत्याही कौटुंबिक इतिहासात आम्हाला आढळलेले नाही. सोलापुरात तथाकथित गुन्हेगार जमातींची सेटलमेंट होती. त्या तारेच्या कुंपणाआडच्या माणसांना उधार कोणी दिले, कोणी नाकारले, आणि काय भावाने, हेही विचारायला हवे.

आणि घरातल्या बायका. 'अँड सन्स' लिहिलेल्या पाटीमागे बहुधा राहते घर असे. धान्य निवडणे, पुड्या बांधणे, मसाले कुटणे, शेंगदाणे भाजणे, दुपारी मालक जेवायला बसला की गल्ल्यापाशी बसणे, ही कामे कोणत्या खात्यावर टाकली जात? घरखर्चाच्या. मजुरी म्हणून नव्हे. कीर्दीत हमालाचे दोन आणे असतात, सुनेच्या दहा तासांचे काही नसते. वहीची ही गप्प राहिलेली जागा वाचायला शिकवणे हे साहित्याच्या वर्गाचे काम आहे. वाणिज्य शाखेकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

आता या वह्यांचे होते काय? वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला, आणि त्यांच्या पिढीची एक मोठी तळमळ ही होती की सरदारांच्या आणि कुलकर्ण्यांच्या घरची दप्तरे वाण्याकडे पुड्या बांधायला जात आहेत. त्या तळमळीतून १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. वाण्याच्या पुडीतून इतिहास वाचवायचा, असा तो पवित्रा होता. पण वाण्याचे स्वतःचे दप्तर पुडीत गेले तर ते वाचवायला कोण येणार, हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही. आज पुड्याही गेल्या, प्लॅस्टिकच्या पाकिटांनी त्या घालवल्या. वही थेट रद्दीच्या तागडीत जाते. वाटणी झाली, दुकान भाड्याने दिले, मुले पुण्याला नोकरीला गेली, माळा रिकामा करायचा आहे. जाड पुठ्ठ्याच्या लाल वह्यांना किलोवर भाव मिळतो. मोडी वाचता येणारे घरात कोणी उरलेले नसते, त्यामुळे काय विकले हे विकणाऱ्यालाही कळत नाही.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सोलापुरात २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, मराठीचे विभाग आहेत, दरवर्षी प्रबंधांसाठी विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. 'अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण' या साच्यातला आणखी एक प्रबंध लिहिण्याऐवजी एका विद्यार्थ्याने मोडी शिकून एका दुकानाच्या दहा वर्षांच्या वह्या वाचल्या, आणि त्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन दुसरी बाजू ऐकली, तर वाङ्मयाचे काय बिघडेल? हे समाजशास्त्राचे काम आहे असे उत्तर आम्हाला मिळते. समाजशास्त्रज्ञ आकडे घेऊन जाईल, ते त्याने न्यावेतही. पण 'बाकी', 'येणे', 'बुडीत', 'माफ' हे शब्द कोणत्या नावापुढे कोणत्या हाताने लिहिले, अक्षर कोठे बदलले, रागाने खोडलेले खाते कोणते आणि हलक्या हाताने सोडून दिलेले कोणते, हे वाचायला अक्षराची आणि शब्दाची सवय असलेला माणूस लागतो.

एक अडचण मात्र खरी आहे. वहीत ज्यांची देणी लिहिली आहेत त्यांची नातवंडे त्याच पेठेत राहतात. कोणाच्या आजोबांनी १९५२ साली किती दिवस तांदळाचे पैसे दिले नाहीत हे छापून कोणाचे भले होणार नाही, आणि दुकानदारही या कारणासाठी वह्या दाखवायला कचरतो. तो कचरतो ते आम्हाला त्याच्या व्यवसायाच्या जुन्या संकेताला धरून वाटते. उधारीची वाच्यता चारचौघांत करायची नाही, हा तो संकेत. तेव्हा नावे झाकून अभ्यास करावा, प्रती कराव्यात, मूळ वह्या घरच्यांना परत द्याव्यात. हे अशक्य नाही. वैद्यकात रोग्यांची नावे झाकूनच लिहिले जाते.

दरम्यान, वहीचा काळ सरतो आहे हे नाकारून चालणार नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर अनेक दुकानांत संगणक आला. फळीवर आता चौकोनी ठिपक्यांचा फलक असतो, आणि पैसे आले की एक लहानसा डबा रक्कम मोठ्याने सांगतो. उधारीविषयी जो संकोच होता त्याच्या नेमका उलट प्रकार. तरी जुनी पद्धत पुरती गेलेली नाही. विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी आणि घरातला खर्च यांची तारीख जुळत नाही तोवर ती जाणारही नाही. २००६ साली विडी कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या, आणि २०२४ साली पहिली घरे ताब्यात दिलेल्या रे नगरसारख्या वस्त्यांत नवी दुकाने निघाली, तीही घराच्या पुढच्या खोलीतच, आणि बहुतेक ठिकाणी फळीमागे बाईच बसलेली असते. तिच्याजवळ शाळकरी मुलाची दोनशे पानी वही असते, मागच्या पानापासून सुरू केलेली. पुढच्या बाजूला पोराचा अभ्यास, मागच्या बाजूला पाव किलो तेल, साबणाची वडी, पोह्याचे पाकीट, आणि नावाऐवजी बहुधा घराचा क्रमांक.